आश्चर्याच्या गप्पांतून इंग्रजी: लहान मुलांना शब्द आणि व्याकरण शिकवताना

आश्चर्य वाटायचं तर आधी मनात काहीतरी वेगळं असावं लागतं. पिशवीत चेंडू आहे असं मूल धरून चालतं आणि बाहेर येतो गुंडाळलेला मोजा. या दोन क्षणांमध्ये इंग्रजी व्याकरणाचा मोठा भाग सहज बसतो. आधीच्या अंदाजाला प्रश्न लागतात, उघडण्याच्या क्षणाला उद्गार लागतो आणि नंतरच्या हकिगतीला भूतकाळ लागतो. नवे शिक्षक हा विषय बहुधा चेहऱ्यांच्या चित्रांनी आणि 'हॅपी, सॅड, सरप्राइज्ड' अशा यादीने सुरू करतात. तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलांकडून आधी अंदाज घ्या. अंदाज नसेल तर मुलाला आश्चर्य वाटणार नाही, आणि आश्चर्यच वाटलं नाही तर बोलण्यासारखंही काही उरणार नाही.

यामागे शिकण्याचं एक साधं तत्त्व आहे. अपेक्षेविरुद्ध काही घडलं की मेंदू तिकडे जास्त लक्ष देतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरा महिन्यांच्या बाळांना एक खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली. नेहमीसारखी वागणारी वस्तू पाहिलेल्या बाळांपेक्षा या बाळांनी त्या गाडीबद्दलची नवी गोष्ट चांगली शिकून घेतली. मग ती गाडी आपटून तिचा टणकपणाही तपासला. बोलताही न येणारी बाळं असं करतात, तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांबाबत आपण हा मार्ग विश्वासाने धरू शकतो.

खालच्या पायऱ्या याच वयाच्या मुलांसाठी आहेत. रोजच्या वस्तू, रंग आणि आकार यांचे इंग्रजी शब्द त्यांना थोडेफार येत असले की पुरे. या सगळ्या पायऱ्या एका तासात उरकायच्या नाहीत, दोन-तीन आठवडे सावकाश चालू द्या. उदाहरणांची वाक्यं मुलांच्या आधी कानावर पडू द्या, मग तोंडी बसू द्या, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी ठेवा.

पहिली पायरी: पिशवी आणि अंदाज

आतलं दिसणार नाही अशी कापडी पिशवी आणि झाकणाचा एक खोका घ्या. वस्तू घरातल्याच असू द्या: किल्ली, चमचा, साबण, कंगवा, खोडरबर, मोजा. त्यातली एखादी हाताला फसवणारी निवडा. गुंडाळलेला मोजा चेंडूसारखा लागतो, जाड मेणबत्ती खडूसारखी लागते. दुसरा उपाय म्हणजे वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवणं, उदाहरणार्थ चष्म्याच्या डबीत चमचा. वस्तूचं नाव मुलांना आधीपासून माहीत असावं. नवा शब्द आणि नवी वाक्यरचना एकदमच समोर आली की मूल दोन्हीकडे अडकतं.

मुलं पिशवीत हात घालून विचारतात: 'इज इट अ बॉल?' तुम्ही उत्तर देता: 'नो, इट इझन्ट.' या एका खेळात प्रश्नाची उलटी रचना, छोटं उत्तर आणि 'अ' व 'ॲन' यांचा वापर, तिन्ही गोष्टी कित्येकदा घोटल्या जातात. वर्णनाचे शब्दही इथेच द्या: सॉफ्ट, हार्ड, राउंड, हेवी, कोल्ड. 'इज इट सॉफ्ट?' या वाक्यात 'अ' येत नाही, हे मुलांना नियम न सांगताच ऐकून कळू लागतं.

मराठीत वाक्य तसंच ठेवून शेवटी 'का' जोडला की प्रश्न होतो. म्हणून मुलं 'इट इज अ बॉल?' असं आवाज चढवून विचारतात. पहिल्या दिवशी ते चालवून घ्या आणि उत्तर देताना स्वतः बरोबर रूप वापरा: 'इज इट अ बॉल? लेट मी सी... नो!' असं चार-सहा वेळा झालं की पुष्कळ मुलं स्वतःच रचना बदलतात.

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना इथेच 'इट माइट बी अ की', 'इट कान्ट बी अ बुक', 'इट मस्ट बी अ कोम' ही रूपं देता येतात. मात्र खुणा एकेक करून द्या. आधी खोका फक्त हलवून आवाज ऐकवा, तेव्हा 'माइट' शोभतं. मग वजन पाहू द्या, म्हणजे काही शक्यता 'कान्ट'ने बाद होतात. शेवटी वस्तूचं एक टोक दाखवा, तेव्हा 'मस्ट' म्हणता येतं. पुरावा जसा वाढतो तसा शब्द बदलतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. 'माइट'नंतर 'टू' येत नाही आणि क्रियापदाला 'एस' लागत नाही, एवढंच सांगावं लागतं.

मुलांनी सांगितलेले अंदाज नावासह फळ्यावर लिहून ठेवा आणि ते पुसू नका. पुढे त्यांच्यावरच सगळ्यात महत्त्वाचं काम होणार आहे.

दुसरी पायरी: उघडण्याचा क्षण

वस्तू बाहेर येते तेव्हा मुलं आपसूक ओरडतात. तो आवाज दाबू नका, त्याला शब्द द्या. सुरुवातीला 'वाव!', 'नो वे!', 'व्हॉट अ सरप्राइज!' एवढे पुरेत. 'ओ माय गुडनेस!' मुलांना फार आवडतं.

त्यानंतर 'व्हॉट अ...' ही रचना पुढे न्या: 'व्हॉट अ बिग की!', 'व्हॉट ॲन ओल्ड स्पून!'. इथे मराठीची मदत होते. 'काय मोठी किल्ली आहे!' असं आपण म्हणतोच, त्यामुळे उद्गारासाठी 'काय' वापरणं मुलांना परकं वाटत नाही. फक्त मधला 'अ' गळतो, कारण मराठीत त्याच्या जागी काहीच नसतं. एकवचनी, मोजता येणाऱ्या नामाला तो हवाच. अनेकवचनात मात्र तो जातो: 'व्हॉट ब्यूटिफुल लीव्ह्ज!'. नुसतं विशेषण असेल तर 'हाउ' येतं: 'हाउ स्ट्रेंज!', 'हाउ लव्हली!'. दोन्ही रचना एकाच दिवशी दिल्या तर मुलं 'हाउ अ बिग की' अशी सरमिसळ करतात, म्हणून त्यांच्यात काही दिवस जाऊ द्या.

उद्गाराचा सूर शिकवायला विसरू नका. 'व्हॉट अ सरप्राइज!' म्हणताना आवाज उंचावरून खाली येतो, तर 'रिअली?' म्हणताना तो वर जातो. तुम्ही हात वरखाली करून तो सूर दाखवा आणि मुलांना आधी कुजबुजत, मग मोठ्याने, मग हळू म्हणायला लावा. सपाट आवाजात म्हटलेला आश्चर्याचा उद्गार ऐकणाऱ्याला कंटाळ्यासारखा वाटतो. मुलांना ही गोष्ट लगेच पटते.

तिसरी पायरी: कोणाला वाटलं आणि कशामुळे वाटलं

आता 'सरप्राइज्ड' हा शब्द आणा, कारण मुलांना तो अनुभव नुकताच आलेला आहे. पहिल्या आठवड्यात फक्त 'ईडी' वाली रूपं द्या: 'आय ॲम सरप्राइज्ड', 'शी इज एक्सायटेड', 'ही इज डिसअपॉइंटेड'. 'मला आश्चर्य वाटलं' या मराठी वाक्यात 'आहे' कुठेच नसतं, त्यामुळे मुलं 'आय सरप्राइज्ड' म्हणून मोकळी होतात. त्याचा अर्थ 'मी कोणालातरी चकित केलं' असा होतो. 'ॲम' किंवा 'वॉज' हा त्या शब्दाचाच भाग असल्यासारखा म्हणून घ्या: 'आय-वॉज-सरप्राइज्ड'.

ही जोडी पक्की झाल्यावर 'आयएनजी' वाली रूपं घ्या. 'माणसाला ईडी आणि वस्तूला आयएनजी' असा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. कृपया तो सांगू नका. 'शी इज ॲन अमेझिंग डान्सर' या वाक्यात माणूस आहे आणि रूप 'आयएनजी'चं आहे. बरोबर प्रश्न असा: भावना कोणाला झाली आणि ती कोणी निर्माण केली? ज्याला झाली त्याला 'ईडी', ज्याच्यामुळे झाली त्याला 'आयएनजी'. फळ्यावर एका बाजूला चकित झालेला चेहरा काढा, दुसऱ्या बाजूला खोका. मुलं हातातली शब्दपत्ती घेऊन येतात, योग्य चित्राखाली चिकटवतात आणि पूर्ण वाक्य म्हणतात: 'द बॉक्स वॉज सरप्राइजिंग. आय वॉज सरप्राइज्ड.' दोन-तीन दिवसांनी खोक्याच्या जागी जादूगाराचं चित्र लावा. मग माणसालाही 'सरप्राइजिंग' लागू शकतं हे मुलांनाच सापडतं.

'आय ॲम बोअरिंग', 'आय ॲम एक्सायटिंग' ही वाक्यं तुम्हाला नक्की ऐकू येतील. हसू नका आणि वर्गालाही हसू देऊ नका. चेहऱ्याच्या चित्राकडे बोट दाखवलं तरी मूल स्वतः दुरुस्त करतं.

उच्चारावर थोडा वेळ जरूर घालवा. 'ईडी' दिसलं की मुलं 'सरप्राइझेड', 'शॉकेड' असं वाचतात. टाळ्या वाजवून अक्षरं मोजायला लावा. 'सर-प्राइज्ड'ला दोन टाळ्या, 'शॉक्ट'ला एकच, 'एक्-साय-टेड'ला तीन. जास्तीचं अक्षर फक्त मूळ क्रियापदाच्या शेवटी 'ट' किंवा 'ड'चा आवाज असेल तरच येतं, म्हणून 'एक्सायटेड' आणि 'डिसअपॉइंटेड'मध्ये ते ऐकू येतं. स्पेलिंगमध्येही दोन खाचखळगे आहेत. 'सरप्राइज'मधला पहिला 'आर' कानाला नीट ऐकू येत नाही आणि लिहिताना गळतो. शेवटचा आवाज 'झेड'सारखा असला तरी अक्षर 'एस'च असतं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही लेखनांत.

शब्दांपुढची शब्दयोगी रूपं सुटी शिकवू नका. 'एक्सायटेड अबाउट', 'स्केअर्ड ऑफ', 'सरप्राइज्ड बाय' अशा जोड्याच पाठ होऊ द्या. एका वेळी एक जोडी बास झाली.

चौथी पायरी: 'मला वाटलं होतं, पण...'

आता फळ्यावरच्या त्या अंदाजांकडे वळा. एका मुलीचा अंदाज होता 'इट्स अ बॉल'. तिला विचारा, 'व्हॉट डिड यू थिंक?'. तिच्याकडून येणारं वाक्य आहे: 'आय थॉट इट वॉज अ बॉल, बट इट वॉज अ सॉक.' या विषयातून मुलांना एकच वाक्य द्यायचं असेल तर मी हेच देईन. यात भूतकाळ आहे, उपवाक्य आहे, 'बट'ने जोडलेला विरोध आहे, आणि आश्चर्य तर आहेच.

इथली अडचण नेमकी ओळखून ठेवा. मराठीत आपण म्हणतो, 'मला वाटलं चेंडू आहे'. वाटणं झालेलं असलं तरी 'आहे' वर्तमानातच राहतं. इंग्रजीत दोन्ही क्रियापदं मागे सरकतात. म्हणून मराठी मूल हमखास 'आय थॉट इट इज अ बॉल' म्हणतं. समजावण्यापेक्षा करून दाखवणं इथे जास्त उपयोगी पडतं. फळ्यावरच्या अंदाजातलं 'इज' मुलीकडूनच खोडून घ्या आणि त्यावर 'वॉज' लिहायला सांगा. मग वाक्याच्या सुरुवातीला 'आय थॉट' जोडायला सांगा. प्रत्येक मुलाने स्वतःच्या नावाचा अंदाज असा बदलला की वर्गात एकच वाक्य वीसेक वेगवेगळ्या रूपांत म्हटलं जातं आणि कोणाला कंटाळा येत नाही, कारण प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. मोठ्या मुलांना याचाच पुढचा भाग देता येतो: 'आय डिडन्ट एक्स्पेक्ट अ सॉक!'

पाचवी पायरी: घडलेली गोष्ट सांगणं

खोक्याबाहेर पडून आता मुलांच्या अनुभवांकडे या. सुरुवातीला चार ओळींचा सांगाडा द्या: मी कुठे होतो, काय करत होतो, अचानक काय झालं, मला कसं वाटलं. उदाहरणार्थ: 'आय वॉज ॲट होम. आय वॉज ड्रॉइंग अ पिक्चर. सडनली, अ बर्ड केम इन. आय वॉज सो सरप्राइज्ड!'

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतला फरक चित्राने दाखवा. चालू असलेल्या क्रियेसाठी लांब नागमोडी रेघ, अचानक झालेल्या क्रियेसाठी त्या रेघेवर फुली. मराठीत 'काढत होतो' आणि 'आला' हा भेद आहेच, त्यामुळे अर्थ समजायला वेळ लागत नाही. चुका रूपांत होतात. 'आय वॉज ड्रॉ', 'आय वॉज केम' अशी वाक्यं येतात, कारण 'वॉज' म्हणजे भूतकाळाची खूण असं मुलांनी धरलेलं असतं. रेघेखाली 'वॉज ...आयएनजी' आणि फुलीखाली 'केम' लिहून ठेवा. मूल चुकलं की फक्त विचारा, 'रेघ का फुली?'

आश्चर्याच्या गोष्टींत काही अनियमित क्रियापदं पुन्हापुन्हा येतात: सॉ, केम, हर्ड, फाउंड, फेल, रॅन, ब्रोक, गॉट. आधी एवढीच नीट बसू द्या. पन्नास रूपांचा तक्ता भिंतीवर लावून फारसं काही साधत नाही. नकारात मूळ रूप परत येतं, 'डिडन्ट कम', 'डिडन्ट सी', याची आठवण मात्र करून देत राहावी लागेल. 'सडनली' मुलांना इतका आवडतो की ती प्रत्येक वाक्यात घालतात. 'एका गोष्टीत एकच सडनली' असं आधीच ठरवून टाका.

गोष्ट चालू असताना मध्ये थांबवून दुरुस्ती करू नका. मूल म्हणालं 'अ बर्ड कम इन', तर तुम्ही डोळे मोठे करून म्हणा, 'अ बर्ड केम इन? रिअली?' बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गोष्टही तुटत नाही. भाषाशिक्षणात याला 'रिकास्ट' म्हणतात. सगळ्यांनाच होणारी एखादी चूक असेल तर ती गोष्टी संपल्यावर, कोणाचंही नाव न घेता, फळ्यावर घ्या.

इथे सांभाळण्याची एक गोष्ट आहे आणि ती मला व्याकरणापेक्षा महत्त्वाची वाटते. प्रत्येक आश्चर्य सुखद नसतं. एखाद्या मुलाच्या घरी अचानक घडलेली गोष्ट आजारपणाची किंवा कोणी सोडून गेल्याची असू शकते. म्हणून खऱ्या अनुभवाची सक्ती कधीच करू नका. 'तुझी सांग, मांजराची सांग, नाहीतर मनाने रच' असे तीन पर्याय पहिल्यापासून द्या. एखाद्याने दुःखाची गोष्ट सांगितलीच तर व्याकरण बाजूला ठेवा, ऐकून घ्या आणि नंतर त्याच्याशी एकट्याने बोला. मिळालेल्या भेटवस्तूंवर विषय नेऊ नका, त्यातून कोणाकडे काय आहे याची तुलना सुरू होते. आणि मुलांना घाबरवून 'सरप्राइज' दाखवू नका. दचकलेलं मूल गप्प होतं, त्याच्याकडून बोलणं निघत नाही.

ऐकणाऱ्यांनाही काम द्या

एक मूल बोलतंय आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतायत, असं झालं तर अर्धा वर्ग वाया गेला. ऐकणाऱ्यांनी प्रतिसाद द्यायचा असतो. मराठीत 'हो का?' कुठेही चालतं. इंग्रजीत 'रिअली?' तसं कुठेही चालतं, म्हणून आधी तेच द्या. नंतर क्रियापदाशी जुळणारे प्रतिसाद आणा. 'आय सॉ अ स्नेक' म्हटलं तर 'डिड यू?', 'इट वॉज ह्यूज' म्हटलं तर 'वॉज इट?'. यासाठी नीट ऐकावं लागतं, म्हणून हा सराव श्रवणाचाही होतो. शेवटी प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा: 'व्हॉट हॅपन्ड नेक्स्ट?' याच प्रश्नात मुलं 'व्हॉट डिड हॅपन' म्हणतात. अख्खं वाक्य तसंच पाठ करून घ्या, कारण देण्याची गरज नाही.

वर्ग मोठा असेल तर जोड्या करा. एकाच्या हातात पाकिटात घातलेलं चित्र, दुसऱ्याने अंदाज करायचा, मग अदलाबदल. लाजाळू मुलं संपूर्ण वर्गापुढे एक शब्द बोलत नाहीत, जोडीत मात्र चांगली बोलतात. अगदी लहान मुलांना बोलण्याऐवजी करायला द्या: 'क्लोज युअर आइज', 'टर्न अराउंड', 'डोन्ट पीक', 'ओपन द बॉक्स'. ऐकून कृती करण्याची ही पद्धत जेम्स ॲशर यांनी मांडलेल्या 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स'मधली आहे आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना ती उत्तम जमते.

मोठ्या मुलांसाठी एक जास्तीची गंमत आहे: शाळेतल्या कोणासाठी तरी आश्चर्याचा बेत आखणं. 'वी आर गोइंग टू मेक अ कार्ड. वी आर गोइंग टू हाइड इट. डोन्ट टेल हर!' भविष्यातल्या बेतासाठीचं 'गोइंग टू' इतक्या उत्साहाने एरवी म्हटलं जात नाही.

शिकलं की नाही हे पाहायला लेखी चाचणी घाईने घेऊ नका. एका मुलाची गोष्ट दुसऱ्याला सांगायला लावा: 'शी थॉट इट वॉज अ बॉल...'. 'आय'चं 'शी' करताना रचना टिकली तर ती मुलाची झाली आहे. न टिकल्यास कुठे ढासळली तेही तिथेच कळतं आणि पुढच्या तासाचं काम ठरतं.

तीच पिशवी फार दिवस चालणार नाही, कारण तुमच्या युक्त्या मुलांना कळतात. तेव्हा पिशवी त्यांच्याच हाती द्या. रोज एकाने घरून एक वस्तू गुपचूप आणायची. तिचं इंग्रजी नाव आणि तीन खुणा त्याने आधी तयार करून आणायच्या, आणि त्या दिवशी तुम्हीही बाकीच्या मुलांबरोबर बसून विचारायचं, 'इज इट अ...?'